अजून एकच दुरुस्ती

शालूने खंडेरावाला पत्र लिहिलं होतं. अगदी छोटं. ‘बाबा अक्षय्य तृतीयेला एडवणच्या मंडळींना शब्द देणार आहेत. तुम्हाला त्यांच्याशी काही बोलायचं असेल तर त्याआधी बोला. नसेल, तर तसं मला कळवा.’ खाली नुसतं ‘शालू’.

त्या पत्राला उत्तर आलं नाही.

उत्तर न देणारा माणूस दूर कुठे दर्यापार असता, तर एक वेळ समजूत घालता आली असती. टपाल हरवलं असेल, माणूस आजारी असेल… पण हा माणूस रोज सकाळी तिच्या समोरच्या टेबलावर येऊन बसत होता! दोघांच्या मधे होतं ते एवढंच – एक पाण्याचा माठ, एक स्टूल आणि तपासनीस आत्मारामकाका. आणि आत्मारामकाका मधे होते, म्हणूनच तर तिला तोंडाने विचारायचं ते पत्रातून विचारावं लागलं होतं. चांगलं पाकिटात घालून, तिकीट लावून, बोईसरच्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर पाठवलं होतं.

पत्र पोचलं होतं, यात शंका नव्हती. कारण ते पोचलं असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेराव ऑफिसात आला, शालूकडे बघून “नमस्कार, राऊतबाई” म्हणाला आणि खुर्ची समजून कचऱ्याच्या टोपलीवर बसला.

तिथून उठला, शर्ट झटकला, कान लाल झालेले तसेच ठेवून त्याने तिच्यापुढे नकाशा सरकवला.

“इथे… एक दुरुस्ती आहे,” तो म्हणाला.

शालूला वाटलं, समोरची शाईची बाटली उचलावी आणि या माणसाच्या डोक्यावर रिकामी करावी.

*

तशी त्यांची गाठ पडली होती तीही अशीच, वैताग यावा अशी.

आदल्या वर्षीचा भादवा. रुपयाची किंमत उतरल्याच्या बातम्या अजून शिळ्या झाल्या नव्हत्या. शिरगावची एस.टी. पालघरला पोचली तेव्हा पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. शालू पदर खोचून, छत्री सावरत रेल्वे फाटकापाशी आली, तर फाटक बंद. मालगाडी संथपणे चाललेली. आणि फाटकाशी एक उंच, काटकुळा तरुण उभा होता. त्याच्याकडे छत्री होती, उघडलेलीही होती. पण ती त्याने डोक्यावर धरली नव्हती! काखेत पत्र्याची एक लांबलचक नळी होती, तिच्यावर त्याने छत्री धरली होती आणि स्वतः खुशाल भिजत होता. केसांतून पाणी नाकावर, नाकावरून हनुवटीवर… चष्म्याच्या काचांवरून तर ओहोळच.

शालूला राहवलं नाही.

“अहो, छत्री डोक्यावर धरतात!”

त्याने दचकून आजूबाजूला पाहिलं. आपल्याशीच कुणी मुलगी बोलते आहे, यावर त्याचा विश्वास बसेना.

“आत नकाशे आहेत,” तो पुटपुटला. “कापडावरचे. एक थेंब पडला तर… डाग पडतो.”

“आणि माणसावर पडले तर?”

“माणूस… वाळतो,” तो म्हणाला.

मालगाडीचे डबे संपता संपेनात. शालूने आपली छत्री थोडी पुढे केली. अर्धी त्याच्यावर, अर्धी स्वतःवर. परिणाम इतकाच झाला की आता दोघंही भिजले. फाटक उघडल्यावर तो एका दिशेने निघाला, तीही त्याच दिशेने. तो वळला, ती वळली. तो घाबरून भरभर चालू लागला. शेवटी कारखान्याच्या लोखंडी दाराशी दोघंही थांबले.

“तुम्ही… माझ्यामागे का येताय?” त्याने कसंबसं विचारलं.

“मी नोकरीला आहे इथे!” शालू म्हणाली. “तुम्ही कोण?”

तो नवा नकाशाकार होता. नाव खंडेराव शेलार, गाव साताऱ्याकडचं. नाव ऐकून वाटावं, आता घोड्यावरून येईल. प्रत्यक्षात मात्र ओल्या चपला हातात घेऊन दारातच उभा. फरशीवर पावलं उमटतील म्हणून!

*

कारखाना फार मोठा नव्हता. पूर्वी तिथे वाड्यांवरच्या रहाटांचे आणि पंपांचे भाग व्हायचे. मग गुजरातेत तेलाच्या विहिरी खोदायला लागले, तिकडची मोडकी यंत्रं दुरुस्तीला रेल्वेने इकडे यायला लागली आणि मालकांनी यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायला एक खोली थाटली. शालूने मॅट्रिकनंतर मुंबईला मावशीकडे राहून ट्रेसिंगचा वर्ग केला होता. नकाशाकाराने पेन्सिलीने काढायचं, तपासनिसाने तपासायचं आणि शालूने निळसर, खळ लावलेल्या झुळझुळीत कापडावर ते काळ्या शाईने उतरवायचं. कापडावर आधी खडूची पूड चोळायची, मग श्वास रोखून रेघ ओढायची. तिची रेघ केसासारखी सरळ यायची. ती पाहून आत्मारामकाका म्हणायचे, “पोरी, तू रांगोळीच काढायला जन्मलीस.”

पण शाईने उतरवलेली रेघ बदलायची, तर दाढीच्या पात्याने खरवडावी लागते. हलक्या हाताने, कापड न फाटू देता, अख्खी दुपार खर्च करून.

आणि खंडेरावाला रेघा बदलायचा नाद होता.

“राऊतबाई, इथला उतार जरासा कमी करूया.”

“काल तुम्हीच वाढवलात.”

“हो, पण रात्रभर वाटत राहिलं की…”

“रात्री माणसं झोपतात, शेलार!”

तो ओशाळून हसायचा आणि नकाशा तिथेच ठेवून जायचा. ती पातं उचलायची. खरवडून खरवडून कापडाला भोक पडलं की ते रद्द, नवं घ्यायचं. रद्द झालेलं कापड शालू घरी न्यायची, गरम पाण्यात खळ धुऊन काढायची. आतून निघायचं ते असं मऊसूत कापड, की बाजारात मिळणार नाही. त्याचे ती हातरुमाल शिवायची. थंडी संपेपर्यंत शिरगावातल्या निम्म्या पोरांची नाकं खंडेरावाच्या रद्द नकाशांना पुसली जात होती.

एकदा ती वैतागून म्हणालीच, “हे आहे तरी काय? दिवाळीपासून मी एकच बांगडी काढतेय.”

“बांगडी नाही. हँगर.”

“कपडे टांगायचा?”

“पाइप टांगायचा.” आणि मग – शालूने हे पहिल्यांदाच पाहिलं – त्याचं अडखळणं एकदम थांबलं. “हे बघा. तेलाची विहीर म्हणजे मैलभर खोल भोक. ते ढासळू नये म्हणून आत पोलादी पाइप सोडतात, एकाला एक जोडत. ही सगळी माळ वरच्या तोंडाशी कशाला तरी टांगलेली हवी ना? तो हँगर. पाइपभोवती पाचरी बसतात. समजा, अशा…”

बोलण्याच्या भरात त्याने तिचं मनगट धरलं. तीन बोटांनी, तिन्ही बाजूंनी.

“ह्या तीन पाचरी. पाइपचं वजन खाली ओढतं, तशा पाचरी आत दाबल्या जातात. जितकं ओझं जास्त… तितकी पकड… घट्ट…”

त्याचं लक्ष आपल्या बोटांकडे गेलं. तो थांबला. खिडकीबाहेर लेथ घरघरत होता. शालूने हात काढून घेतला नाही.

“मग?” तिने विचारलं.

“मग… बसतो,” तो म्हणाला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“आणि सोडायचा असला तर?”

“सोडायचा नसतोच तो,” खंडेराव जमिनीकडे बघत म्हणाला.

आत्मारामकाका वर्तमानपत्रामागे उगाच खाकरले. त्या दुपारी शालूची एक रेघ वाकडी आली. नोकरीतली पहिली.

पुढे त्याने तिला सगळंच सांगितलं. विहिरीच्या तोंडावर एक भली जड झडप असते. आतून वायू उसळला तर तोंड बंद करायला तीच एक. पण जुन्या पद्धतीत हँगर बसवायचा म्हणजे ती झडपच उचलून बाजूला काढावी लागते. तेवढे तास विहीर उघड्या तोंडाची. त्याच वेळी वायू आला, तर देवच राखणारा. खंडेरावाचा हँगर वरूनच, झडपेच्या आतून, खाली सोडायचा होता. तो जाऊन आपल्या बैठकीत बसेल, त्याच्यावरचं सील आवळलं जाईल, आणि मगच झडप काढायची. शिवाय परदेशी हँगर बोटीने येईपर्यंत महिनोन् महिने काम थांबायचं, परकीय चलन जायचं ते वेगळंच. हा पालघरला होणार होता, निम्म्याहून कमी खर्चात.

“मग करा ना लवकर!” शालू म्हणाली होती.

“करतोय. अजून एकच दुरुस्ती आहे.”

*

फाल्गुनात एडवणहून स्थळ आलं. घर चांगलं, वाडी मोठी, मुलगा सुस्वभावी. शालूच्या बाबांनी, रामनाथ राऊतांनी, तिला पडवीत बोलावून विचारलं. त्यांचं विचारणं सरळ असायचं.

“तुझ्या मनात दुसरं कोण हाय का?”

आत विळीवर बसलेल्या तानीआत्याने आतूनच उत्तर दिलं, “हाय ना! तो रुमालवाला.”

“घाटावरचा?” बाबा म्हणाले. बराच वेळ त्यांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. “आपल्यातला नाय. गावात चार तोंडं चार गोष्टी बोलतील. त्यांचं मी बघून घेईन. पण पोरी, त्याने येऊन विचारलं पायजे. मी त्याच्या दारात जायचा नाय आन् तूपण त्याच्या वतीने बोलायचं नाय. आखातीपर्यंत थांबतो. मंग एडवणकरांना शब्द देतो.”

आखाती म्हणजे अक्षय्य तृतीया. म्हणून तर ते पत्र.

आणि पत्रानंतरच्या रविवारी चमत्कार झाला. खंडेराव शिरगावला आला! दुपारच्या एस.टी.तून उतरला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. शालूने माजघराच्या दारातून पाहिलं. आईने चटकन चूल पेटवली. बाबांनी खुंटीवरचा सदरा चढवला.

“या, बसा. आमी वाटच बघत होतो.”

खंडेराव पडवीत टेकला. पुडा मांडीवर. बाबांनी हवापाण्याची चौकशी केली, साताऱ्याची चौकशी केली, घरी कोण कोण असतं ते विचारलं. तो घाम पुसत उत्तरं देत होता. मग बाबा थांबले. मुद्दाम थांबले. बोल बाबा, आता तुझी पाळी, अशा अर्थाने.

खंडेरावाने घसा साफ केला. तोंड उघडलं. दारामागे शालूने डोळे मिटून घेतले.

“तुमच्या विहिरीवर… मोटर आहे का?”

“हाय ना,” बाबा जरा गोंधळून म्हणाले.

“पाइप कशाला टांगलाय?”

“दोरीने बांधलाय ओंडक्याला. का?”

झालं. तो जो उठला, तो थेट वाडीत. पानवेलींच्या ओळीतून, केळींच्या खालून, विहिरीच्या काठावर. दोरी कुजत आली होती, हे खरं. पण म्हणून इस्त्रीचा शर्ट काढून, सुरूच्या लाकडाच्या पाचरी तासून, अर्धा विहिरीत उतरून, संध्याकाळपर्यंत पाइप नव्याने टांगत बसायचं? बाबाही त्याच्याबरोबर रमले. वर आल्यावर दोघांनी शहाळी फोडली. खंडेरावाने पाचरींवर असं व्याख्यान दिलं, की शेजारचे चारजण ऐकायला जमले. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं, “एस.टी. चुकेल” म्हणाला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला.

पेढ्यांचा पुडासुद्धा परत घेऊन गेला!

तानीआत्या कपाळाला हात लावून पायरीवर बसली. “मी एवढा शिरा केला तो कोणासाठी?”

“विहिरीचं बरं केलं त्याने,” बाबा म्हणाले. ते हसतही होते आणि वैतागलेही होते. “पायपाबद्दल बोलला, मोटरबद्दल बोलला, पाण्याच्या चवीबद्दलपण बोलला. पोरीबद्दल एक अक्षर नाय! माणूस सोन्यासारखा हाय, मी नाय म्हणत नाय. पण मागितल्याबिगर द्यायची का पोर? ती काय केळ्यांचा लोंगर हाय, जाताना हातात द्यायला?”

परसात जाऊन शालूने धुतलेली भांडी पुन्हा घासली.

*

सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा आला. “नमस्कार, राऊतबाई.” नकाशा पुढे सरकला. “इथे सीलच्या खोबणीत… अजून एकच दुरुस्ती.”

शालूने पातं उचललं. बघितलं. आणि ते पुन्हा टेबलावर ठेवलं.

“मी खरवडणार नाही.”

“अं?”

“ऐकू नाही आलं? मी खरवडणार नाही! शिमग्यापासून ही खोबण तुम्ही खोल करताय, उथळ करताय, खोल करताय. मालकांनी परवा विचारलं, नकाशा ओतशाळेत कधी जाणार. तुमच्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे कशाचंच उत्तर नाही, शेलार!”

लेथ नेमका तेव्हाच थांबला.

खंडेराव स्टुलावर बसला. या वेळी नीट बघून बसला. चष्मा काढून हातात फिरवत राहिला.

“मी आधी वर्षभर तिकडे गुजरातेत, तेलाच्या विहिरीवर होतो,” तो हळूच म्हणाला. “माझ्या गावचा पंढरी होता तिथे. एकत्र शाळेत होतो आम्ही. झडप काढली होती, हँगर बसवायचा होता, आणि… आलं वर. कुणाची चूक नव्हती. पद्धतच तशी. पंढरी वाचला, पण पाय गेला त्याचा. माझी एक रेघ चुकली, राऊतबाई, तर तिथे पुन्हा कुणीतरी उभा असेल. म्हणून मला… हे झालं, असं म्हणवत नाही.”

शालूचा राग निम्म्यावर आला. तिला एकदम त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवावासा वाटला – केस ओले नव्हते तरी. पण राग निम्मा शिल्लक होता.

“आज तिकडे काय चाललंय?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“आज. आत्ता. तिकडे विहिरींवर हँगर कसा बसवतायत?”

खंडेरावाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“झडप काढूनच ना? तुमचा नकाशा इथे माझ्या टेबलावर आहे, म्हणजे तिकडे तोंड उघडंच आहे. तुम्ही चुकाल म्हणून घाबरता. पण थांबलात, तर काहीच होत नाही असं थोडंच आहे?”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग नकाशाकडे. त्याने पेन उचललं आणि कोपऱ्यात सही केली. अशी, की जणू कुणी हात धरून करवून घेतोय.

“आणि माझं पत्र?” शालूने तेवढ्यात साधून घेतलं.

कान पुन्हा लाल. “उत्तर लिहिलंय मी.”

“लिहिलंय? मग आहे कुठे?”

“ते… तपासायला…”

शालूने मान वळवली. आत्मारामकाकांनी वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर घेतलं.

“काका!”

“माझ्याकडे बघू नकोस हं, पोरी,” काका वर्तमानपत्रामागून म्हणाले. “मी वाचलं, ठीक आहे म्हणालो, कोपऱ्यात ‘तपासले’ असं लिहून परत दिलं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. एक वाक्य बदललंय म्हणे. पुन्हा तपासलं. पुन्हा हजर! आता तर म्हणतो, काका, तुम्ही नीट वाचत नाही.”

“तुम्ही… माझ्या पत्राचं उत्तर… काकांना तपासायला दिलंत?”

“इथून बाहेर जाणारं काहीही,” खंडेराव केविलवाणा होऊन म्हणाला, “तपासल्याशिवाय जात नाही.”

“वा! म्हणजे त्यात काय आहे ते काकांना ठाऊक, बहुतेक मालकांना ठाऊक, लेथवरच्या मारुतीला ठाऊक. फक्त मला ठाऊक नाही!”

“मारुतीला नाही दाखवलं,” तो घाईने म्हणाला.

“काका, काय लिहिलंय त्यात?”

“ते मी सांगायचं नसतं,” आत्मारामकाका म्हणाले. पण वर्तमानपत्र हलत होतं. काका हसत होते, आणि शालूला त्यांचाही राग आला.

*

हँगर ओतला गेला. मारुतीने तो लेथवर चढवून आरशासारखा केला. मागच्या आवारात एक आखूड पाइप उभा करून, वर बैठक बसवून, त्यात हँगर सोडला. खाली गेला, बसला. वरचं सील आवळलं. आतून हातपंपाने पाण्याचा दाब द्यायला लागले. दाबमापकाचा काटा चढत चालला. सगळा कारखाना गोल करून उभा होता. खंडेराव गुडघ्यांवर बसून, नाक लावून, सीलकडे बघत होता. एक थेंब दिसला असता, तर तो पुन्हा नकाशा काढायला पळाला असता, हे शालूला पक्कं माहीत होतं. म्हणून तीही डोळे ताणून बघत होती.

थेंब आला नाही. काटा चढला तिथेच राहिला. मारुतीने पंप सोडून हात झटकले, चहा पिऊन आला, काटा तिथेच.

“पक्का बसला, साहेब,” मारुती म्हणाला.

मालकांनी त्याच संध्याकाळी तिकडे तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: विहीर तयार आहे, माल घेऊन माणूस लगेच पाठवा. माणूस म्हणजे खंडेराव. निदान महिनाभर तिकडे राहावं लागेल. आणि अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आलेली.

शालूने त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. पण दुपारी काकांनी नकाशांच्या प्रतींची गुंडाळी तिच्या हातात दिली. “हा बघ, विसरून गेला. स्टेशनवर नेऊन दे.”

“शिपायाला पाठवा.”

“शिपाई जेवायला गेलाय.”

शिपाई समोर बिडी ओढत बसला होता. शालू गुंडाळी घेऊन निघाली.

पालघर स्टेशनवर ऊन रणरणत होतं. एक बाई ताडगोळ्यांची टोपली घेऊन झाडाच्या सावलीत बसली होती. हँगरची पेटी हमालांनी वजनाच्या काट्यावर ठेवली होती आणि खंडेराव तिच्याभोवती घिरट्या घालत होता. शालूला बघताच उभाच राहिला.

“नकाशे,” ती म्हणाली. गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि वळली.

“थांबा ना… जरा…”

ती थांबली. पण वळली नाही.

“मी खूप वेळा… म्हणजे त्या रविवारी शिरगावला मी त्यासाठीच… पण तुमचे बाबा समोर बसले आणि… ती दोरी खरंच कुजली होती हो.”

“ठाऊक आहे मला. सगळ्या शिरगावाला ठाऊक आहे.” आता ती वळली. “शेलार, तुमची गाडी येईल. चार दिवसांनी बाबा शब्द देतील. मी समोर उभी आहे. काका नाहीत, बाबा नाहीत, माठसुद्धा नाही. आता तरी बोला!”

त्याने तोंड उघडलं. ताडगोळेवालीनेही टोपलीवरचा हात थांबवला. त्याचं तोंड मिटलं. मग त्याने खिशातून एक पाकीट काढलं. कोपरे मऊ झालेलं, तिकीट लावलेलं, बंद केलेलं.

“उत्तर,” तो म्हणाला.

“द्या इकडे.”

“नाही, ते… पोस्टात टाकायचं आहे.”

“अहो, मी इथे उभी आहे! माझं पत्र मला द्यायला पोस्टमन कशाला हवा?”

“तुमचं नाही ते.”

“माझं नाही? मी विचारलं, आणि उत्तर…”

त्याने पाकीट उलटं केलं. त्याच्या त्या नकाशावरच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं: ‘श्री. रामनाथ राऊत यांस, मुक्काम शिरगाव, तालुका पालघर.’

शालूने ते वाचलं. परत वाचलं. डोळ्यांपुढचं अक्षर एकदम हलायला लागलं आणि त्याच क्षणी तिला असा काही संताप आला, की तिला हसूच फुटलं.

“मी त्याच घरात राहते! मी नेऊन दिलं असतं ना!”

“मागणी मुलीच्या हाताने पाठवतात का?” खंडेराव म्हणाला. या वेळी वाक्य पुरं झालं. “ते रीतसर जायला हवं. तुमच्या बाबांच्या हातात. त्यांच्यासमोर मला बोलता येत नाही, हेही लिहिलंय मी त्यात. आणि… महिन्याभराने येईन तेव्हा पुन्हा पडवीत बसेन म्हणून लिहिलंय. विहिरीकडे न जाता.”

“मग टाका ना!”

टपालाची लाल पेटी तिकिटाच्या खिडकीशेजारी होती. तो तिथपर्यंत गेला. पाकीट फटीत घातलं. आणि हात तसाच राहिला. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. हमालांनी हँगरची पेटी उचलली.

“शेलार!”

“शेवटून दुसऱ्या ओळीत,” तो लाल पेटीकडेच बघत म्हणाला, “‘आपली कन्या’ असं लिहिलंय मी. ते जरा… तिथे नाव लिहायला हवं होतं का?”

शालू त्याच्याजवळ गेली. अगदी जवळ. त्याच्या शर्टाला पेन्सिलीच्या लाकडाचा वास येत होता.

“काय नाव लिहिलं असतंत?” तिने हळू विचारलं.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चष्म्याआडचे डोळे, घाबरलेले आणि तरी ठाम.

“शालू,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“बरोबर आहे,” शालू म्हणाली. “मी तपासलं. आता सोडा.”

“सोडलं की मग परत…”

“हो. मग परत काढता येत नाही.”

गाडी फलाटाला लागत होती. खंडेरावाने एकदा श्वास घेतला, शालू रेघ ओढण्याआधी घ्यायची तसा. आणि बोटं सैल केली.

टपालपेटी रिकामी असावी. पाकीट तळाला आपटल्याचा आवाज दोघांनाही स्पष्ट ऐकू आला.